बैलाचा खांदा जपा



आपल्या विदर्भात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा शेकतात. कोमट पाण्याने धुवायचे, पळसाच्या पानाने तूप-हळद चोळायची आणि उद्याच्या जेवणाचे आवतण द्यायचे. पोळ्याला जू नाही, पुरणपोळीचा घास. दुसऱ्या दिवशी कळमना असो की महाल, नागपूरची पोरे लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा साजरा करतात.

या चालीत शास्त्र आहे. ओझे गाडीत असले तरी ओढीचा दाब खांद्यावरच येतो. जू खडबडीत आणि मान ओली असली की कातडी सोलते. दुर्लक्ष केले तर खांदा सुजून गाठ धरते. म्हणून गाडीने ऊस आणणाऱ्या सभासदांना आम्ही चार गोष्टी सांगतो :

१) जू घासून गुळगुळीत ठेवा.

२) मोळ्या आसावर तोलून भरा. पुढे भार झाला तर मान दबते. मागे झाला तर जू उचलून गळ्याला ओढ बसते.

३) १९६५ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे दिवसाला ९ तासांहून आणि सलग ५ तासांहून जास्त काम घेता येत नाही. पारा ३७ अंशांवर गेला की दुपारी १२ ते ३ जुंपायचे नाही. आर लावलेल्या काठीलाही मनाई आहे.

४) गाडी सुटली की खांदा धुवून कोरडा करा. जखम दिसली तर ती भरेपर्यंत बैल जुंपू नका, पशुवैद्यकाला दाखवा.

पोळ्याला ज्याच्या पाया पडायचे, त्यालाच हंगामात आर टोचायची, हे बरे नव्हे. खांदशेकणी एका दिवसाची न ठेवता रोजची करू या.