अन्नछत्रांतील तांदूळ धुवावा कीं न धुवावा?

आमच्या मंडळाच्या उदार आश्रयदात्यांस पोत्यांचा व पैशांचा हिशेब अशा अहवालांतून वाचावयास मिळतोच. परंतु दिलेलें धान्य भुकेल्याच्या पोटांत पोंचेपर्यंत त्यांतून काय काय गळतें, तें कोणत्याही वहींत चढत नाहीं. उंदीर, ओल आणि चोरी या गळतीच्या वाटा सर्वांस ठाऊक आहेत. चवथी वाट अन्नछत्राच्या मोरींतून जाते, आणि ती आपण स्वच्छतेच्या नांवाखालीं स्वतःच उघडतों. शिजविण्यापूर्वीं तांदूळ धुवावा किंवा नाहीं, आणि धुवावा तर किती, हा प्रश्न यास्तव येथें विचारास घेतला आहे.

तांदूळ न धुतां वैरणें हें आपल्याकडे अनाचाराचें लक्षण मानितात, व त्यांत तथ्य आहे. गोदामांत पडून राहिलेल्या पोत्यांत धूळ, तूस, तागाचे तंतु, किड्यांचीं जाळीं, प्रसंगीं उंदरांच्या लेंड्याही सांपडतात. असा तांदूळ तसाच शिजवून वाढणें हा घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचाही अपमान होय. तथापि धुण्यानें काय साधतें व काय साधत नाहीं, हें नीट पाहिलें पाहिजे. खडे निघतात ते पाखडण्यानें, निवडण्यानें व रोवळींत रोळण्यानें, चोळण्यानें नव्हे. पटकीसारख्या रोगांचे जंतु थंड पाण्यानें मरत नाहींत, ते आधणांत मरतात. पाणी अगदीं नितळ होईपर्यंत चारचारदां चोळून धुतल्यास भात पांढरा व मोकळा होतो खरा. परंतु हा लाभ मेजवानीच्या पंक्तीचा आहे. दुष्काळाच्या पंक्तीस त्याची किंमत फार पडते.

ती किंमत अशी. तांदुळांतील ब-१ नामक जीवनसत्त्व, ज्यास थायमिन असेंही म्हणतात, तें मुख्यत्वें दाण्याच्या बाहेरील पापुद्र्यांत व अंकुरांत असतें, आणि पाण्यांत सहज विरघळतें. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकांत हातसडीच्या १०० ग्रॅम तांदुळांत तें ०.२१ मिलिग्रॅम दाखविलें आहे; गिरणींत पांढऱ्या केलेल्या तांदुळांत अवघें ०.०६. या उरल्यासुरल्या अंशापैकीं सुमारें ४० टक्के नुसत्या धुण्यानें जातो, असें प्रयोगांत आढळलें आहे. प्रौढ माणसास रोज एक मिलिग्रॅमहून कांहींसें अधिक लागतें. आपल्या घरीं डाळ, भाजी, दूध ही तूट भरून काढतात, आणि धुवणही गाईच्या पुढें जातें. छत्रावर जेवणाऱ्यास बहुधा भात हेंच सर्वस्व असतें, आणि छत्राच्या मोरीपाशीं गाय बांधलेली नसते. शरीरांतील ब-१चा सांठा दोनतीन आठवड्यांपलीकडे पुरत नाहीं. पुढें पाय बधिर होतात, सूज येते, हृदय दुर्बल होतें. यासच बेरीबेरी म्हणतात.

हें ज्ञान जगास तांदुळामुळेंच झालें. जावा बेटावरील बटाव्हिया, म्हणजे आजचें जाकार्ता, येथें क्रिस्तियान आइकमान या डच वैद्यानें १८९० नंतरच्या वर्षांत असें पाहिलें कीं, पांढऱ्या तांदुळाच्या भातावर ठेवलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात व कोंड्यासह तांदूळ मिळतांच बऱ्या होतात. या शोधासाठीं १९२९ सालीं त्यास नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. १९०५ सालीं क्वालालंपूर येथील वेड्यांच्या इस्पितळांत डॉ. विल्यम फ्लेचर यांनीं कांहीं रोग्यांस सयामी पांढरा तांदूळ व कांहींस हिंदुस्थानांतून आलेला उकडा तांदूळ दिला. पांढऱ्या तांदुळावरील अनेकांस बेरीबेरी झाला. उकड्यावरील मंडळींत तो जवळजवळ आढळला नाहीं. भात तुसासकट भिजवून उकडतांना ब-१ दाण्याच्या आंत मुरतें, म्हणून पुढें गिरणीनें वा धुण्यानें तें फारसें जात नाहीं. कोंकणांत व गोव्यांत उकड्या तांदुळाची पेज पिणारा कष्टकरी हा लाभ पिढ्यान् पिढ्या घेत आला आहे.

धुवणाप्रमाणेंच वेळलेल्या भाताच्या पेजेचें. १९४३ सालच्या बंगालच्या दुष्काळांत कलकत्त्याच्या रस्त्यांवर खेड्यांतून आलेले लोक दारोदार भात मागत नव्हते. भात मागण्याची त्यांची आशाच उरली नव्हती. ते 'फॅन' मागत होते, म्हणजे भात वेळून आपण जी पेज ओतून देतों ती. चौकशी आयोगानें १९४५ सालीं त्या दुष्काळाच्या बळींची संख्या सुमारें १५ लक्ष धरली. पुढील अभ्यासकांनीं ती ३० लक्षांपर्यंत नेली. ज्या पाण्यासाठीं माणसें दारांत उभीं राहिलीं, तें अन्नछत्रानें मोरींत सोडावें, याहून विपरीत गोष्ट ती कोणती?

मात्र एक अपवाद सांगितला पाहिजे, आणि तोही बंगालचाच. गंगेच्या मुखाकडील प्रदेशांत कित्येक ठिकाणीं विहिरींच्या पाण्यांत सोमल असतो, व तो तांदुळांतही उतरतो. तेथें सोमलरहित पाणी मिळत असल्यास तांदूळ धुऊन पुष्कळ पाण्यांत शिजवावा व तें पाणी टाकावें, हेंच हितकर. आणि ब-१ची तूट डाळीनें भरून काढावी. नियम हा जागा पाहून लावावयाचा असतो.

इतर ठिकाणच्या छत्रांसाठीं आमचें मत पुढीलप्रमाणें आहे. तांदूळ प्रथम सुपांत पाखडून निवडावा. मग पिण्यायोग्य पाण्यांत, न चोळतां, हलक्या हातानें एकदांच विसळून लागलीच रोवळींत निथळावा. माल मळकट असेल तर दोनदां विसळावा. पहिलें पाणी टाकावें व दुसरें डाळीच्या आधणांत घालावें. तांदूळ भिजवावयाचा असल्यास त्याच पाण्यांत शिजवावा. पाणी बेताचें ठेवून भात आटवावा, वेळूं नये. वेळलाच तर पेज मीठ घालून मुलांस व आजाऱ्यांस ऊन ऊन पाजावी.

परंतु आचाऱ्यास कितीही शिकविलें, तरी घाण माल त्याच्यापुढें आला म्हणजे तो चारदां धुणारच, आणि त्यास दोष देतां येणार नाहीं. या गळतीचें मूळ कोठारांत आहे. म्हणून व्यापारी बंधूंस विनंती कीं, दानाचीं पोतीं गोदामाच्या तळांतून काढूं नयेत; तीं चाळून, पाखडून, कोरडीं पाठवावींत. जमीन बाळगणाऱ्या गृहस्थांस विनंती कीं, शक्य तेथें भात उकडून अथवा कमी सडवून द्यावा, आणि तांदुळाबरोबर थोडी डाळ द्यावी. शुभ्र तांदूळ देणाऱ्याच्या डोळ्यांस सुखवितो. किंचित् मळकट रंगाचा उकडा तांदूळ घेणाऱ्याच्या पायांत बळ ठेवितो. दान देतांना दोहोंपैकीं कोणाकडे पाहावयाचें, हें आमच्या सुज्ञ आश्रयदात्यांस सांगावयास नको.