घटक ४ : प्रकृती, पथ्य आणि योग – आरोग्यविषयक मराठी शब्दसंपदा

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण नातेवाचक शब्दांचा विचार केला. प्रस्तुत घटकात आरोग्य आणि अनारोग्य यांविषयी आपण रोज जे बोलतो, त्या बोलण्यातील शब्दांकडे वळावयाचे आहे. या अभ्यासासाठी ग्रंथालयात जाण्याची आवश्यकता नाही. ‘आज पित्त झालंय’, ‘पोराला केळं बाधलं’, ‘तिची प्रकृती उष्ण आहे’, ‘त्याच्यापुढं कुणाची मात्रा चालत नाही’ ही वाक्ये आपल्या घरात, एसटीच्या थांब्यावर, बाजारात सतत कानांवर पडतात. ती बोलताना आपण आयुर्वेदाचे नाव घेत नाही; तरीही त्यांतील महत्त्वाचे शब्द वैद्यकाच्या संहितांतून, वैद्याच्या ओसरीवरून आणि गावच्या तालमीतून आपल्या बोलीत उतरलेले आहेत.

या शब्दांमागे शरीराविषयीची कोणती कल्पना उभी आहे, ती कल्पना मराठीत येताना कशी बदलली आणि तिचा आजच्या दिनक्रमाशी काय संबंध आहे, हे आपणांस या घटकाच्या अभ्यासानंतर सांगता यावे. तसेच या शब्दांची मर्यादा कोठे येते, हेही ओळखता यावे. ही दुसरी अपेक्षा परीक्षेतील गुणांपेक्षा अधिक महत्त्वाची आहे. तिचे कारण ४.५ या उपघटकात येईल.

४.२ समतोल सांगणारे शब्द

‘प्रकृती’ हा शब्द व्याकरणाच्या अभ्यासात आपल्याला भेटलेला आहे. प्रत्यय ज्याला लागतो ते मूळ रूप म्हणजे प्रकृती. आयुर्वेदातही ‘मूळ’ हाच अर्थ आहे. वात, पित्त आणि कफ या तीन दोषांचे प्रत्येक माणसात जन्मतः जे प्रमाण असते, ती त्याची प्रकृती होय. दोन माणसांना एकच पदार्थ सारखा मानवत नाही, याची उपपत्ती संहिताकारांनी या कल्पनेने लावली. मराठीत मात्र ‘प्रकृती बरी नाही’ असे म्हणताना आपण माणसाच्या मूळ घडणीविषयी बोलत नाही, त्याच्या आजच्या स्थितीविषयी बोलतो. जन्मजात स्वभाव सांगणारा शब्द अशा रीतीने तात्कालिक अवस्थेचा वाचक झाला.

‘तब्येत’ या शब्दाचा प्रवासही याच दिशेने झाला, ही लक्षणीय गोष्ट आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ निसर्ग, स्वभाव असाच आहे. युनानी वैद्यकातील ‘मिजाज’ म्हणजे मिश्रण. शरीरातील गुणांच्या मिश्रणातून घडलेला माणसाचा पिंड. आपल्याकडे तो ‘मिजास’ झाला आणि घमेंडीपुरता उरला. युरोपातही शरीरातील द्रवांना ‘ह्यूमर’ म्हणत. आज त्या शब्दाने विनोद सूचित होतो. निरनिराळ्या वैद्यकपरंपरांनी आरोग्याची कल्पना मिश्रणाच्या प्रमाणावर उभी केली आणि त्यांचे पारिभाषिक शब्द लोकव्यवहारात आल्यावर स्वभावाकडे झुकले. अर्थपरिवर्तनाची इतकी समांतर उदाहरणे सहसा सापडत नाहीत.

‘दोष’ या शब्दाविषयी सावध असावे. मराठीत दोष म्हणजे उणीव किंवा अपराध. आयुर्वेदात मात्र वात, पित्त व कफ सम असतात तोवर शरीर धारण करतात आणि विषम झाले की तेच शरीर बिघडवतात. त्यामुळे ‘माझ्यात पित्तदोष आहे’ हे वाक्य आयुर्वेदाच्या दृष्टीने अपुरे आहे. पित्त सर्वांतच असते, प्रश्न प्रमाणाचा आहे. मराठी वाक्प्रचारांनी या तिघांना समान न्याय दिलेला नाही. रागाने पित्त खवळते, पिरपिऱ्या माणूस वात आणतो. पण कफाच्या वाट्याला असा रुळलेला वाक्प्रचार निदान मला तरी आढळलेला नाही.

आता ‘स्वस्थ’ हा शब्द पाहा. सुश्रुतसंहितेत स्वस्थ माणसाचे लक्षण सांगताना दोष, अग्नी, धातू आणि मलविसर्जन यांची समता तर सांगितली आहेच. शिवाय आत्मा, इंद्रिये आणि मन यांची प्रसन्नताही आवश्यक मानली आहे. हिंदीत ‘अस्वस्थ’ म्हणजे आजारी. मराठीत मात्र वाईट बातमी ऐकून माणूस अस्वस्थ होतो, आणि दंगा करणाऱ्या मुलाला आई ‘स्वस्थ बस’ म्हणते. म्हणजे सुश्रुताच्या व्याख्येतील शरीराचा भाग हिंदीने उचलला आणि मनाचा भाग मराठीने जपला. ‘आरोग्य’ हा आपला नेहमीचा शब्द केवळ रोगाचा अभाव सांगतो; ‘स्वास्थ्य’ त्याहून अधिक काही मागते.

४.३ पथ्य, मात्रा, वेग आणि ऋतू

‘पथ्य’ हा शब्द ‘पथिन्’ म्हणजे मार्ग या शब्दापासून आला आहे. शरीराच्या मार्गाला जे धरून असते ते पथ्य. आपल्या मनात मात्र पथ्य म्हणजे न खाण्याच्या पदार्थांची यादी असते. ‘पथ्यावर पडणे’ या वाक्प्रचारात जुना अनुकूलतेचा अर्थ अजून टिकून आहे.

‘मात्रा’ म्हणजे माप. छंदात मात्रा, अक्षरावर मात्रा आणि सहाणेवर उगाळून दिली जाणारीही मात्राच. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात आहाराची मात्रा सांगताना पोटाचे चार भाग कल्पिले आहेत. दोन भाग अन्नासाठी, एक द्रवासाठी आणि एक वायूच्या संचारासाठी मोकळा. व्यायामाचेही तसेच. बलवान माणसानेही थंडीत व वसंतात आपल्या निम्म्या शक्तीइतकाच आणि इतर ऋतूंत त्याहून कमी व्यायाम करावा, असे तेथे सुचविले आहे. दमून पडेपर्यंत केलेला व्यायाम हा या परंपरेत गुण नव्हे.

याच ग्रंथाच्या सूत्रस्थानात दुसरा अध्याय दिनचर्येचा, तिसरा ऋतुचर्येचा आणि चौथा रोग होऊच नये यासाठी घ्यावयाच्या काळजीचा आहे. या चौथ्या अध्यायाचा मोठा भाग वेगांविषयी आहे. मलमूत्र, शिंक, तहान, भूक, झोप, अश्रू इत्यादी वेग अडवू नयेत. लोभ, मत्सर यांसारखे मनाचे वेग मात्र आवरावेत. चरकसंहितेतही असाच विवेक आहे. मला हा भाग संहितांतील सर्वांत व्यवहारी भाग वाटतो. मात्र तो वाचताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. उसाच्या फडात दिवसभर राबणारी स्त्री किंवा लांब पल्ल्याच्या गाडीवरील महिला वाहक वेग अडवते, पाणी पिण्याचेच टाळते, ते अज्ञानामुळे नव्हे. तिला शौचालय मिळत नाही. दिनचर्येचे काही नियम पाळणे एकट्या माणसाच्या हाती नसते. त्यासाठी ग्रामपंचायतीला आणि आगाराला दिनचर्या असावी लागते.

ऋतुचर्या आपण ग्रंथातून शिकलो नाही, सणांतून शिकलो. हेमंतात जठराग्नी प्रखर असतो, म्हणून स्निग्ध व पौष्टिक अन्न पचते, असे शास्त्र सांगते. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि मिसळीची भाजी आपल्या ताटात येते. दिवाळीचे अभ्यंगस्नान थंडीच्या तोंडावर येते. पावसाळ्यात अग्नी मंद असतो, आणि आपले बहुतेक उपवास त्याच दिवसांत आहेत. उपवासाला साबुदाण्याची खिचडी आणि तळलेले वडे खाऊन आपण त्या लंघनाचे काय केले, हे वेगळे सांगावयास नको!

४.४ औंधचे सूर्यनमस्कार

योगाचा विचार करताना आपल्या परिसरातील एका उदाहरणाकडे यावे लागते. आजच्या सातारा जिल्ह्यातील औंध ही पूर्वी एका लहान संस्थानाची राजधानी होती. सांगली जिल्ह्यातील आटपाडी, कुंडल हा भागही त्याच संस्थानात होता. किर्लोस्करवाडी वसली ती याच संस्थानाच्या भूमीवर. १९०९ साली गादीवर आलेले भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे चित्रकार, कीर्तनकार आणि व्यायामाचे विलक्षण वेड असलेले राजे होते. तरुणपणी त्यांनी कुस्ती केली. पुढे युरोपात गाजलेल्या सँडोची साधने व पुस्तके मागवून त्यांनी सुमारे दहा वर्षे तो व्यायाम नेमाने केला. सुमारे १९०८ पासून, मिरजेच्या अधिपतींचे पाहून, ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि मग आयुष्यभर त्यांनी तो सोडला नाही. संस्थानातील शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले. स्त्रियांनीही ते घालावेत असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या पद्धतीवरील इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनहून प्रसिद्ध झाले. याच औंधला पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचे स्वाध्याय मंडळ होते. वेदांबरोबरच आसनांवरही पंडितजींनी लेखन केले.

येथे भाषेचा पुरावा उपयोगी पडतो. आपण जोर मारतो, बैठका काढतो. पण सूर्यनमस्कार ‘घालतो’. दंडवत घालतो, लोटांगण घालतो, प्रदक्षिणा घालतो, त्यांच्याच पंक्तीत हे क्रियापद सूर्यनमस्काराला बसवते. हा प्रकार तालमीत रुजला असला, तरी त्याचे नाव आणि क्रियापद देवघरातून आले आहे. हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत आसने आहेत; परंतु आज आपण घालतो तशी सूर्यनमस्काराची साखळी तेथे नाही. औंधच्या पद्धतीत एका नमस्काराच्या दहा स्थिती होत्या, आज शाळांतून बहुधा बारा शिकवतात. म्हणून ‘हजारो वर्षांपूर्वीपासून जसाच्या तसा’ असे विधान करताना अभ्यासकाने थांबावे. उपयुक्तता सिद्ध होण्यासाठी प्राचीनत्वाची गरज नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले, ते यौगिक क्रियांचा शरीरावरील परिणाम क्ष-किरणांसारख्या साधनांनी तपासण्याच्या हेतूनेच.

‘योग’ शब्दाची व्युत्पत्ती ‘युज्’ धातूपासून सांगतात. पाणिनीच्या परंपरेत हा धातू ‘जोडणे’ आणि ‘समाधी’ अशा दोन अर्थांनी नोंदलेला आहे. बैलांच्या मानेवरचे ‘जू’ हाही त्याच धातूच्या कुळातील शब्द. दोन बैल एका चालीने चालावेत म्हणून जू असते. श्वास आणि हालचाल एका चालीने चालवणे ही सूर्यनमस्काराची पहिली अट आहे. शेतकरी विद्यार्थ्यांना हे अधिक सांगावयास नको. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ज्या योगमार्गाचे सविस्तर वर्णन आहे, त्याच अध्यायात नेमस्त आहार, नेमस्त झोप यांचाही आग्रह आहे, याकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. हल्ली शहरात ‘मी योगा करते’ असे ऐकू येते. इंग्रजीत जाऊन एक कान्हा घेऊन परत आलेला हा शब्द मला खटकतो. पण भाषा प्राध्यापकांच्या खटकण्यावर चालत नाही.

४.५ शब्द अपुरा पडतो तेव्हा

२०११ च्या उन्हाळ्यातील घटना आहे. माझे मामा मिरज तालुक्यातील एका खेड्यात राहत. एका पहाटे ते उठले तेव्हा त्यांचा उजवा हात उचलेना आणि तोंड वाकडे झालेले होते. घरातील सर्वांनी एकमुखाने निदान केले : ‘अंगावरून वारं गेलं.’ मामींनी तिळाचे तेल गरम केले, कोणी निर्गुडीचा पाला आणला, कोणी तेल देणाऱ्या एका माणसाचा पत्ता दिला. मिरज हे दवाखान्यांचे गाव. तेथे पोहोचण्यास तासही लागला नसता. मामांना तेथे नेले ते दुसऱ्या दिवशी दुपारी.

मी नंतर या वाक्याचा पुष्कळ विचार केला. ‘वात’ या कल्पनेचाच हा लोकभाषेतील अवतार. अर्धांगवायू या शब्दातही तोच वायू आहे. ‘वारं गेलं’ हा भूतकाळ आहे. वारे आले, अंगावरून गेले, घडायचे ते घडून गेले. घाई कशाची करावयाची, असेच जणू हे क्रियापद सांगते. प्रत्यक्षात मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल, तर ती विरघळवण्याचे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तेही तपासणीने गुठळीच आहे याची खात्री झाल्यावर. ‘वारं जात आहे’ असा वर्तमानकाळ आमच्या बोलीत असता, तर कदाचित कोणीतरी जीप काढली असती.

मामा पुढे सहा वर्षे जगले. त्यांची वाचा गेली ती पूर्णपणे परतली नाही. भाषा शिकवणारा भाचा समोर बसलेला, आणि त्यांना ‘पाणी’ हा शब्द सापडत नसे. पाठ असलेले हरिपाठाचे अभंग मात्र ते अडखळत का होईना म्हणत. एकापासून वीसपर्यंत अंकही म्हणत. वाचाघातात असे घडते, हे मी पुस्तकात वाचलेले होते.

यात आयुर्वेदाला दोष देण्याचा हेतू नाही. संहितांनी रोगांचे साध्य, कष्टसाध्य आणि असाध्य असे भेद केले आहेत आणि काही अवस्थांत विलंब घातक ठरतो हेही सांगितले आहे. अडचण ही की शास्त्रातील शब्द घरात आला, पण त्याच्याबरोबरची सावधगिरी आली नाही. ‘पित्त’ या शब्दाचेही तसेच. छातीत जळजळ आहे, सोबत घाम, दम, हातात किंवा जबड्यात कळ आहे. तरीही ‘पित्त उठलंय’ म्हणून कोकम सरबत दिले जाते. स्त्रियांमध्ये व मधुमेही व्यक्तींमध्ये हृदयविकाराची लक्षणे याहून अस्पष्ट असू शकतात. अशा वेळी शब्दाच्या मागे न जाता १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. भस्मे व मात्रा नोंदणीकृत वैद्यांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत. रक्तदाब, गर्भारपण किंवा पाठीचे दुखणे असल्यास सूर्यनमस्कार सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

४.६ सरावासाठी

(अ) ‘प्रकृती’, ‘तब्येत’ आणि ‘मिजास’ या शब्दांच्या अर्थपरिवर्तनाची तुलना सुमारे दीडशे शब्दांत करा.

(आ) ‘घालणे’, ‘मारणे’, ‘काढणे’ आणि ‘करणे’ ही क्रियापदे व्यायामाच्या कोणकोणत्या प्रकारांशी येतात, याची आपल्या गावातील उदाहरणे जमवा. एकाच प्रकाराला दोन क्रियापदे लागत असतील, तर बोलणाऱ्याचे वय नोंदवा.

(इ) आपल्या घरातील किंवा शेजारच्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीशी बोलून दुखण्यांची स्थानिक नावे त्यांच्याच उच्चारात लिहून घ्या. प्रत्येक नावासमोर दोन रकाने आखा : घरात त्यावर काय करतात आणि कोणते चिन्ह दिसले की दवाखान्यात नेतात. दुसरा रकाना ज्या नावासमोर रिकामा राहील, ते नाव संपर्कसत्रात आपल्या समंत्रकांना अवश्य दाखवा, आणि त्याआधी जवळच्या आरोग्य उपकेंद्रातील परिचारिकेला विचारून तो रकाना भरा.