मोहोर आपली, किल्ली कोणाच्या हाती?

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कंपनीची स्थापना झाली आणि पुढील दशकांत भोसरी, आकुर्डीपासून थेट चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. मोठ्या मोटार कारखान्यांना सुटे भाग पुरविणारे असंख्य लघुउद्योजक या पट्ट्यात आहेत. त्यांची दरपत्रके एकेकाळी लाखेची मोहोर केलेल्या पाकिटातून जात. आज यंत्रभागाचे आरेखन, दर, देयक, बँक खात्याचा क्रमांक हे सारे ई-मेलने जाते. लाखेची मोहोर मात्र बहुधा मागेच राहिली आहे.

मोठ्या ई-मेल सेवा आता पत्राला प्रवासापुरते संरक्षण देतात. परंतु मुक्कामी पोहोचलेले पत्र उघडेच असते. परवलीचा शब्द परक्याच्या हाती लागला, तर तो सारा व्यवहार निवांत वाचतो आणि ऐन देयकाच्या वेळी ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असे पत्र नेहमीच्याच भाषेत धाडतो. रक्कम जाते, आणि माल देणारा व घेणारा एकमेकांकडेच संशयाने पाहू लागतात.

यावरील उपाय नवा नाही. फिल झिमरमन या अमेरिकी तंत्रज्ञाने १९९१ मध्ये सामान्य माणसाला ई-मेल कूटबद्ध करता यावा म्हणून ‘पीजीपी’ ही संगणक-प्रणाली खुली केली. तीत प्रत्येकास दोन किल्ल्या मिळतात. सार्वजनिक किल्ली सर्वांना द्यावयाची, खाजगी किल्ली कोणालाही द्यावयाची नाही. येथेच सामान्य माणूस अडतो, आणि त्यात त्याचा दोष थोडा आहे. जिला सार्वजनिक किल्ली म्हणतात, ती वस्तुतः कुलूप आहे! आपले उघडे कुलूप आपण गावभर वाटतो. कोणीही ते पत्रास लावावे. उघडणारी किल्ली एकट्या आपल्यापाशी. स्वाक्षरी करताना याच जोडीचे काम उलटते: खाजगी किल्लीने मोहोर उठवावयाची आणि सार्वजनिक किल्लीने इतरांनी ती पडताळावयाची. शिवाय आलेले कुलूप खरोखर त्याच माणसाचे आहे, याची खात्री वेगळी करावी लागते. खाजगी किल्ली हरवली, तर जुनी पत्रे कायमची बंद.

अमेरिकेत १९९९ मध्ये अल्मा व्हिटन व डग टायगर यांनी ई-मेलला सरावलेल्या १२ जणांना ही प्रणाली देऊन पाहिली. ९० मिनिटांत सुमारे एक-तृतीयांश लोकांनाच पत्र नीट कूटबद्ध करून स्वाक्षरीसह पाठविता आले. तिघांनी तर गुपित चुकून उघडेच धाडले. याउलट व्हॉट्सअ‍ॅपने २०१६ मध्ये असेच संरक्षण सर्व संदेशांना आपोआप लागू केले, तेव्हा कोणाला काही शिकावे लागले नाही.

आपल्या कार्यालयांत हेच तंत्र डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनमधून आले आहे. शासनाच्या ई-निविदा प्रणालीत निविदा उघडणाऱ्या अधिकाऱ्यांच्या सार्वजनिक किल्लीने दरपत्रक बंद होते आणि ठरलेल्या वेळी त्यांच्याच खाजगी किल्लीने उघडते. ग्रामपंचायतीची वित्त आयोगाच्या निधीतील देयकेही अशाच स्वाक्षरीने अदा होतात. टोकनच्या आत खाजगी किल्ली असते व पिन तिचे रक्षण करतो. परंतु व्यवहारात काय घडते? कारखानदार टोकन हिशेबनिसाकडे ठेवतो, सरपंच संगणकचालकाकडे. पिन त्याच टोकनला चिकटवलेल्या कागदावर! ही कुलपालाच किल्ली बांधून ठेवण्याची रीत झाली.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने डिजिटल स्वाक्षरीस हातच्या सहीइतकेच स्थान दिले आहे. कलम ४२ अन्वये खाजगी किल्ली आपल्या ताब्यात राहील याची वाजवी काळजी प्रमाणपत्रधारकाने घ्यावयाची आहे. ती दुसऱ्याच्या हाती गेल्यास प्रमाणन प्राधिकरणास विनाविलंब कळवावयाचे आहे, आणि कळवीपर्यंत जबाबदारी त्याचीच राहते. ‘मला संगणकातले कळत नाही’ ही सबब तेथे फारशी उपयोगी पडणार नाही. तेव्हा पिन स्वतः टाकावा, काम होताच टोकन काढून घ्यावे, आणि बँक खाते बदलल्याचे पत्र आल्यास पूर्वीपासून ठाऊक असलेल्या दूरध्वनीवर विचारूनच रक्कम पाठवावी. फसवणूक उघड होताच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे.

पंचायतींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सुटून जाते. सरपंचाची मुदत संपली म्हणून त्याच्या टोकनमधील प्रमाणपत्राची मुदत संपत नाही. दप्तराचा कार्यभार देताना-घेताना जुन्या सरपंचाची स्वाक्षरी प्रणालीतून काढल्याची नोंदही त्याच दिवशी व्हावयास हवी.