स्काऊट मास्तरांचा प्रभाव

प्रश्न : आठवीतला मुलगा घरी ऐकत नाही, स्काऊटच्या सरांचा शब्द मात्र प्रमाण मानतो. ही लष्करी कवायत त्याला घरापासून तोडील काय? – एक पालक, अंबाजोगाई

उत्तर : काळजी नसावी. स्काऊट म्हणजे लष्करी शिक्षण नव्हे; १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउन्सी बेटावरील पहिल्या शिबिरात स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी मुलांच्या लहान तुकड्या करून त्यांचे नेतृत्व मुलांकडेच सोपविले, आणि तीच संघपद्धती आजही या चळवळीचा कणा आहे. या वयात आईबापांखेरीज अन्य वडीलधाऱ्यात आदर्श शोधणे स्वाभाविकच. दोरीची गाठ चुकली असता जो ती स्वतः न बांधता मुलाकडूनच पुन्हा बांधवून घेतो, तो शिक्षक घराचाही हितचिंतकच समजावा. एकदा स्काऊटच्या सरांना अवश्य भेटा. मात्र मुक्कामी शिबिराची लेखी इत्तला आणि किमान दोन प्रौढांची हजेरी यांची खातरजमा करावी. ‘घरी सांगू नकोस’ असे कोणी मुलास बजावल्याचे कळताच मुख्याध्यापकांकडे किंवा १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.