गाडीतील मोबाईल आणि रस्त्यावरची नजर



नरसी नामदेवहून तोडणीची टोळी आणायला परजिल्ह्यात निघालात, की मोबाईलचा नकाशा कामाला येतो. पण मोबाईल हातात वा मांडीवर नको. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमाने गाडी चालवताना तो फक्त मार्ग पाहण्यासाठी, तेही लक्ष विचलित न होता वापरता येतो. म्हणून आम्ही सुचवतो :

१) स्टँड घट्ट बसवा, समोरचा रस्ता झाकला जाऊ नये.
२) नकाशा घरीच उतरवून ठेवा. रेंज गेली तरी उपग्रहाचा संकेत मिळतो.
३) ठिकाण आधीच घाला, चार्जर जोडा, आवाज चालू ठेवा.
४) काही बदलायचे तर गाडी बाजूला घ्या.

अंधारात उभी असलेली बिनदिव्याची उसाची ट्रॉली नकाशात दिसत नाही. ती डोळ्यांनीच बघावी लागते.