पुन्हा पुन्हा लागणारी ‘उन्हाळी’
किशोरवयीन मुलींच्या मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाविषयी

लघवीच्या जळजळीला आपल्या बोलीत ‘उन्हाळी लागणे’ असे म्हणतात. उन्हाळ्यात घाम फार जातो, पोटात पाणी कमी जाते, लघवी गडद होते आणि आग होते. म्हणून हा शब्द. घरातील वडीलधारी मंडळी अशा वेळी धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा किंवा वाळ्याचे सरबत देतात आणि एखाद्या वेळच्या किरकोळ त्रासाला ते पुरतेही. परंतु नववी-दहावीतील मुलीला हाच त्रास वर्षातून तीन-चार वेळा होऊ लागतो, लघवी थेंब थेंब होते, ओटीपोटात कळ येते, रात्रीतून पाच-सहा वेळा उठावे लागते, तेव्हा ‘अंगात उष्णता फार’ या निदानावर विसंबून चालत नाही. हा बहुधा जंतुसंसर्ग असतो.

यातील मुख्य जंतू ई. कोलाय. दहांपैकी सुमारे आठ रुग्णांत तोच सापडतो. तो आपल्याच आतड्यात राहतो आणि तेथे सहसा त्रास देत नाही. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा आणि गुदद्वाराच्या जवळ असल्यामुळे जंतूला मूत्राशयापर्यंतचा प्रवास सोपा जातो. मुलगी अस्वच्छ आहे म्हणून हा आजार होतो, ही समजूत अन्यायकारक आहे. या समजुतीपोटीच मुली त्रास लपवतात. संसर्ग मूत्राशयापुरता असेल तर तो त्रासदायक असतो. तो वर मूत्रपिंडापर्यंत गेला तर गंभीर होतो. थंडी वाजून ताप, पाठीत बरगड्यांखाली एका बाजूस दुखणे आणि उलट्या ही त्याची लक्षणे आहेत. ती दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

सहा महिन्यांत दोन किंवा वर्षात तीन वेळा संसर्ग झाल्यास वैद्यकशास्त्र त्याला ‘वारंवार होणारा’ म्हणते. येथे उपचाराची दिशा बदलावी लागते आणि बहुतेक कुटुंबे नेमकी येथेच चुकतात. पहिल्या वेळी मिळालेल्या गोळ्यांची चिठ्ठी जपून ठेवलेली असते. दुसऱ्या वेळी तीच चिठ्ठी औषधाच्या दुकानात दाखवली जाते. तिसऱ्या वेळी दुसरा डॉक्टर, अधिक ‘पॉवरची’ गोळी. दोन दिवसांत आग थांबते आणि उरलेल्या गोळ्या कपाटात जातात. महिन्याने पुन्हा तेच. या साऱ्या काळात एक गोष्ट कोणी केलेलीच नसते : जंतू कोणता आहे आणि तो कोणत्या औषधाने मरतो, हे पाहिलेले नसते.

ते पाहण्याची तपासणी म्हणजे लघवीचे कल्चर. लघवीची साधी तपासणी तासाभरात होते आणि ‘पस सेल्स’ वाढल्याचे सांगते. परंतु पस सेल्स हे सुजेचे चिन्ह आहे, जंतूचे नाव नव्हे. कल्चरमध्ये लघवीतील जंतू प्रयोगशाळेत वाढवतात आणि निरनिराळी प्रतिजैविके त्यावर चालतात की नाही हे तपासतात. त्याला दोन ते तीन दिवस लागतात. नमुना प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्यापूर्वी द्यायचा असतो. नंतर दिलेल्या नमुन्यात जंतू वाढत नाही, अहवाल निर्दोष येतो आणि गोंधळ वाढतो. नमुना दिल्यावर अहवालाची वाट पाहत मुलीला तळमळत ठेवावे लागत नाही. डॉक्टर लगेच औषध सुरू करतात आणि अहवालानुसार आवश्यक तर ते बदलतात.

नमुना कसा घ्यावा, हे मुलीला कोणीतरी नीट सांगायला हवे. प्रयोगशाळेत तिच्या हाती डबी देऊन ‘यात आण’ एवढेच म्हटले जाते. डबी निर्जंतुक हवी, तिच्या आतल्या बाजूस बोट लागू नये. जागा साध्या पाण्याने धुवावी, जंतुनाशक वापरू नये. लघवीची सुरुवातीची धार सोडून द्यावी आणि मधली धार डबीत धरावी. मासिक पाळी चालू असेल तर तसे सांगावे. नमुना दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचावा. ते शक्य नसल्यास शीतकपाटात ठेवावा, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. गावाहून एसटीने तालुक्याला पाठवलेली डबी मे महिन्याच्या उन्हात चार तास प्रवास करते, त्यात भलतेच जंतू वाढतात आणि मुलीला नसलेल्या आजाराची औषधे मिळतात. त्यापेक्षा मुलीलाच प्रयोगशाळेत नेलेले बरे. अहवालात ‘मिश्र वाढ’ असे आले तर बहुधा नमुना दूषित झालेला असतो. तो पुन्हा द्यावा. उलट, कोणतीही लक्षणे नसताना केवळ अहवालात जंतू दिसला म्हणून सहसा औषध देत नाहीत.

अहवालात औषधांच्या नावांपुढे ‘एस’ म्हणजे चालणारे आणि ‘आर’ म्हणजे न चालणारे, अशा खुणा असतात. त्या वाचून पालकांनी स्वतः औषध निवडू नये. नायट्रोफ्युरँटॉइन हे जुने औषध मूत्राशयाच्या संसर्गावर आजही उत्तम चालते, मात्र मूत्रपिंडाच्या संसर्गाला ते पुरत नाही; हा भेद कागदावर दिसत नाही. आपल्या देशात ई. कोलाय अनेक प्रचलित प्रतिजैविकांना दाद देईनासा झाला आहे. याच कारणाने २०१४ पासून सेफिक्सिमसारखी काही औषधे ‘एच-१’ या अनुसूचीत आली. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांची वेगळी नोंद ठेवावी लागते. नियम आहे, पाळला किती जातो, हे वाचकांना ठाऊक आहेच. लघवीची आग शमवणारे गोड सिरप मिळते, त्याने आराम पडतो. जंतू मात्र मरत नाहीत.

योग्य औषधाने आजार बरा झाला तरी तो परत का येतो, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर पुष्कळदा मुलीच्या दिनक्रमात असते. शाळेत जाणारी मुलगी सकाळी पाणी पीत नाही, कारण मग तासाला उठावे लागेल. शौचालयाला कडी नसते, पाणी नसते, किंवा रात्री तिथवर जाण्याच्या वाटेवर दिवा नसतो. ती सहा-सात तास लघवी दाबून धरते. साचलेल्या लघवीत जंतूंना वाढायला सवड मिळते. पुढे घाईघाईने लघवी करण्याची सवय लागून मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांपैकी निम्म्यांना वर्षभर रोज दीड लिटर जादा पाणी प्यायला सांगितले. त्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा त्रास झाला, इतरांना ३.२ वेळा. त्या प्रौढ स्त्रिया होत्या, तरी बोध मुलींनाही लागू पडतो. मात्र ‘भरपूर पाणी पी’ हा सल्ला, तासाला उठून जाण्याची मुभा आणि कडी लागणारे शौचालय असल्याशिवाय निरर्थक आहे. निवासी शाळेत तर शौचालयाची दुरुस्ती हा औषधोपचाराचाच भाग मानावा लागेल.

दुसरे दुर्लक्षित कारण बद्धकोष्ठता. भरलेले आतडे मूत्राशयावर दाब देते. पोट साफ झाले की संसर्गाचे प्रमाण कमी झाल्याचे बालरोगतज्ज्ञ अनेकदा पाहतात. म्हणून भाजी, भाकरी, फळे आणि सकाळी शौचाला पुरेसा वेळ हवा. शौचानंतर पुढून मागे धुवावे. पाळीत पॅड किंवा कापड वेळेवर बदलावे. सुगंधी साबण आणि जाहिरातीतील द्रावणांनी जागा धुणे टाळावे. त्यांनी त्वचेचे नैसर्गिक संरक्षणच जाते. क्रॅनबेरीच्या गोळ्यांनी काहींमध्ये संसर्ग परतण्याचे प्रमाण घटते, परंतु झालेला संसर्ग त्यांनी बरा होत नाही, आणि त्या स्वस्तही नाहीत.

एवढे करूनही त्रास थांबला नाही, तर तज्ज्ञांकडे जावे. मूत्रपिंडांची सोनोग्राफी, लघवी केल्यावर मूत्राशयात किती उरते याची मोजणी आणि रक्तातील साखर या तपासण्या मुतखडा, जन्मजात दोष किंवा मधुमेह शोधतात. पस सेल्स सतत दिसतात पण कल्चरमध्ये काहीच वाढत नाही, अशा वेळी क्षयरोगाचाही विचार करावा लागतो. मुलग्यांना हा आजार क्वचित होतो. म्हणूनच झाला तर एकदाच झाला तरी कसून तपासावा. काही रुग्णांना तज्ज्ञ काही महिने रोज रात्री प्रतिजैविकाची अल्प मात्रा देतात. तो निर्णय त्यांनीच घ्यायचा.

जळजळीची इतरही कारणे असतात : योनीमार्गाचा दाह, जंत, आणि कधी असे काही, जे मुलगी आईसमोर बोलू शकत नाही. म्हणून डॉक्टरांनी तिच्याशी थोडा वेळ एकटीशी बोलावे आणि पालकांनी ते मनाला लावून घेऊ नये. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

मुलीच्या नावाची एक फाइल करावी. त्रास कोणत्या तारखेला झाला, ताप होता का, कोणते औषध किती दिवस घेतले आणि प्रत्येक कल्चरचा अहवाल, एवढे त्यात असावे. सुट्टीनंतर मुलीला वसतिगृहात सोडताना फाइलची प्रत अधीक्षिकांकडे द्यावी, म्हणजे मध्यरात्री त्रास झाला तर नव्या डॉक्टरांपुढे पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. खर्चाची अडचण असल्यास शासकीय रुग्णालयातील किशोरवयीनांसाठीच्या ‘मैत्री क्लिनिक’मध्ये चौकशी करावी, तेथे समुपदेशकाशी खासगीत बोलता येते आणि पुढील तपासणीसाठी चिठ्ठी मिळते.