भातखाचरातील स्फुरद

कोकणातील तांबड्या जांभ्या जमिनीत आमच्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरचे भात पिकते. या जमिनीचा तांबडा रंग म्हणजे लोहाचा गंज होय. हा गंज शेतकऱ्याच्या खताचे काय करतो, हे आज पाहू.

पिकास नत्र, स्फुरद व पालाश ही तीन मुख्य पोषणद्रव्ये लागतात. स्फुरद कमी पडल्यास मुळे खुंटतात, भातास फुटवे थोडे येतात व पीक उशिरा तयार होते. ही उणीव भरून काढण्यासाठी सुपरफॉस्फेट घालतात. जॉन बेनेट लॉज यांनी १८४२ साली इंग्लंडात या खताचे पेटंट घेतले. परंतु जांभ्या जमिनीत ते विरघळताच त्यातील बराचसा स्फुरद लोह व ॲल्युमिनियम यांच्याशी घट्ट बांधला जातो. धान्य कणगीत आहे, पण कणगीस कुलूप आहे, अशी ही स्थिती होय.

ते कुलूप काही अंशी पाणी उघडते. चिखलणीनंतर खाचरात पाणी साचले की मातीत हवा शिरत नाही. तेथील सूक्ष्म जीव उरलासुरला प्राणवायू लवकरच संपवितात व मग लोहाच्या गंजातील प्राणवायूवर निर्वाह करतात. त्यामुळे लोहाचे रूप पालटते, ते पाण्यात विरघळू लागते आणि त्याने धरलेल्या स्फुरदाचा काही भाग मोकळा होऊन मुळांस मिळतो.

याची खूण विद्यार्थ्यांनी स्वतः पाहावी. काचेच्या भांड्यात तांबडी माती व थोडा पेंढ्याचा भुगा घालून वर चार बोटे पाणी ठेवावे. काही आठवड्यांत आतील माती करडी होऊ लागेल. पाण्यालगतचा पातळ थर मात्र तांबूसच राहील, कारण तेथे हवा पोहोचते.

भात कापून खाचर सुकले की हवा पुन्हा आत शिरते, नवा गंज बनतो व स्फुरदास पूर्वीपेक्षाही घट्ट धरतो. म्हणून ज्या खाचरात भात जोमदार आले, तेथेच मागाहून पेरलेला वाल उपाशी राहू शकतो. अशा वेळी बियाण्यास वा हवेस दोष देण्यापूर्वी स्फुरदाचा विचार करावा.

यावरून भातास स्फुरद नकोच, असे कोणी समजू नये. मातीची परीक्षा करवून मगच खताचे प्रमाण ठरवावे, आणि भातामागून येणाऱ्या कडधान्याचा वाटा विसरू नये. तसेच चिखलणीनंतर गढूळ पाणी लगेच बांधाबाहेर सोडू नये; स्फुरद बारीक मातीस चिकटून त्याबरोबर वाहून जातो. आपल्या देशास हे खत व त्याचा कच्चा माल मोठ्या प्रमाणावर परदेशांतून आणावा लागतो. यास्तव मुलांनी ही गोष्ट घरी वडीलधाऱ्यांस अवश्य सांगावी, आणि त्यांच्या अनुभवाशी ती ताडून पाहावी, एवढीच आमची सूचना आहे.